बोटीचं बूड बघा: कुठली पळते, कुठली आपटते आणि का

गेटवेवरून मांडव्याला सकाळी स्पीडबोटीने गेलात तर कशी सरसर जाते, केस उडतात, फोटो चांगले येतात, आणि तीच बोट, तोच चालवणारा, तेवढीच माणसं घेऊन संध्याकाळी चारच्या सुमारास परत निघालात की दहा मिनिटांत पाठीचे मणके एकेक करून हजेरी द्यायला लागतात. मागच्या हिवाळ्यात मी येताना अगदी पुढच्या सीटवर बसलो होतो, हौस, दुसरं काय, आणि ऐन मध्यावर बोट एका लाटेवरून उडून अशी आपटली की माझे दात दातांवर आदळले आणि शेजारच्या काकूंनी थेट देवाचं नाव घेतलं. उतरल्यावर चालवणाऱ्याला विचारलं की बाबा सकाळी तर इतकं लागत नव्हतं, तर तो म्हणाला "साहेब, आता वारा समोरून हाय ना." झालं, त्याने एका वाक्यात सांगितलं, मला मात्र नीट कळायला महिनाभर वाचावं लागलं. तेच इथे लिहितोय.

आधी वाऱ्याचं संपवू. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, जरा पूर्वेकडे. सकाळी समुद्र बऱ्यापैकी निवांत असतो, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा उठतो आणि लहान लहान, जवळजवळच्या, चिडक्या लाटा तयार होतात. मुंबईकडे परत येताना तुमचं तोंड बरोबर त्या वाऱ्याकडे. आता हिशोब करा. समजा दोन लाटांमध्ये १० मीटर अंतर आहे, अशी लाट सेकंदाला साधारण ४ मीटर सरकते, आणि तुमची बोट २० नॉटने म्हणजे ताशी ३७ किलोमीटरने चाललीय, ते झाले सेकंदाला १० मीटर. लाटेच्या सोबत जाताना तुम्ही तिला ६ मीटरच्या वेगाने गाठता, समोरून जाताना १४ च्या वेगाने. म्हणजे जाताना तीन सेकंदांत दोन लाटा, येताना तीन सेकंदांत चार, आणि प्रत्येक धडक दुपटीपेक्षा जास्त वेगाची. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकलेलं इथे पाठीला आठवतं.

पण एवढ्यावर उत्तर पूर्ण होत नाही, कारण त्याच वेळी बाजूने कोस्टल पोलिसांची बोट आमच्यापेक्षा जोरात, त्याच लाटांमधून, आमच्या निम्मीसुद्धा न आपटता गेली. ती कशी? तर बूड वेगळं. बोट घ्यायची असो नाहीतर नुसतं बसायचं असो, लोक आधी विचारतात इंजिन किती हॉर्सपॉवरचं. माझं म्हणणं, आधी वाकून खाली बघा.

मुळापासून सुरू करू. जुनी लाकडी लाँच, मचवा, मोठं मालवाहू जहाज, ही सगळी पाण्यात बसून चालणारी मंडळी. बोट पुढे जाताना तेवढं पाणी बाजूला ढकलते आणि तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढला की ती लाट लांब होत जाते, आणि एक वेळ अशी येते की लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी होते, पुढे एक टेकडी, मागे एक टेकडी आणि बोट मधल्या खड्ड्यात. यापुढे जोर लावला की ढुंगण खाली बसतं, नाक वर, आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढ चढत राहते, जो चढ कधी संपत नाही कारण तो तिच्यासोबतच पुढे चाललेला असतो. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीला लांबलचक टाकी बांधून मॉडेल ओढून ओढून या लाटांचं गणित नीट बसवलं. त्यातून आलेला ठोकताळा असा की पाण्यातल्या लांबीचं, फुटांमध्ये, वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये. ३६ फुटी लाँच घ्या, वर्गमूळ ६, वेग ८ नॉट, ताशी १५ किलोमीटर. त्यात दुप्पट इंजिन टाकलंत तर फक्त डिझेल पंपवाला खूश. मोठी जहाजं आरामात २०-२५ नॉट जातात त्याचं एक कारण हेच, ती लांब असतात.

बरं, ही बोट हळू असली तरी खराब समुद्रात सगळ्यात समंजस. लाटेबरोबर वर जाते, खाली येते, डोलते, उलटी होईल कुणाला, पण आपटत नाही. कारण ती पाण्यातून कधी बाहेरच येत नाही.

वेग पाहिजे तर मात्र त्या चढावरून पलीकडे उडी मारावीच लागते. लहानपणी तळ्यावर चपटा दगड मारून भाकऱ्या काढायचो ना, दगड पाण्यापेक्षा जड, तरी वेगात असेपर्यंत बुडत नाही. तसंच. बोटीचा तळ जरा तिरका धरून जोरात पळवला की तो पाणी खाली ढकलतो, पाणी त्याला वर ढकलतं, आणि बोट बरीचशी पाण्याबाहेर येऊन वरच्या वर घसरायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. स्पीडबोटीत हा क्षण स्पष्ट कळतो, आधी नाक आकाशाकडे जातं, इंजिन बोंबलतं, पुढचं काही दिसत नाही, आणि मग एकदम नाक खाली येतं, आवाज हलका होतो आणि बोट सुटते. तो मधला उंचवटा ओलांडायला सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून बोटीत दोन जाडजूड पाहुणे जास्तीचे बसवले की कधीकधी ती तो उंचवटा ओलांडतच नाही, नुसती नाक वर करून रडत राहते. प्लेनिंगवाल्या बोटीला वजनासारखा शत्रू नाही.

आता हा तळ कसा असावा? नुसत्या पळण्याचा विचार केला तर सपाट. सपाट फळी पाणी सरळ खाली दाबते, सगळाच्या सगळा जोर उचलायच्या कामी येतो, छोट्या इंजिनावर पटकन वर येते, कमी पाण्यात चालते, उभी असताना हलत नाही. शांत तलावात सपाट तळासारखं सुख नाही. पण विहिरीत उड्या मारलेल्या माणसाला मी काय सांगणार, नीट सूर मारला की पाणी फाटतं आणि तुम्ही आत, आणि सूर चुकून पोटावर पडलात की तेच पाणी फरशीसारखं लागतं, पोट लालबुंद. सपाट बोट प्रत्येक लाटेवर पोटावर पडते. इंग्रजी व्हीसारख्या तळाची बोट सूर मारते.

हा व्ही किती खोल ते मोजायला एक कोन आहे, डेडराइज म्हणतात त्याला. बोट मागून बघायची, मधल्या कण्यापासून तळ दोन्ही बाजूंना वर जातो, तो आडव्या रेषेशी किती अंशाचा कोन करतो ते बघायचं. सपाट म्हणजे शून्य. १२ ते १८ अंश मधली भानगड, तलावासाठी, खाडीसाठी, बीचवरच्या बहुतेक बोटी यातल्याच. २० च्या वर गेलं की डीप व्ही, खऱ्या खुल्या समुद्राची.

आणि इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कुठलीही बोट समोरून बघा, नाक टोकदारच असतं, कुऱ्हाडीसारखं. आपण म्हणतो वा, काय पाणी कापेल. पण वेगात असताना ते नाक असतं कुठे? हवेत! प्लेनिंग करणारी बोट मागच्या भागावर चाललेली असते, आणि लाटेवरून उडून खाली येते तेव्हा आधी टेकतो तो मधला-मागचा तळ. बऱ्याच बोटींत तो नेमका तिथे सपाट होत गेलेला असतो, कारण सपाट केला की बोट लवकर वर येते आणि उभी असताना हलत नाही. म्हणजे टोकदार नाक दाखवायला आणि सपाट बूड आपटायला. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पीटी बोटींची, म्हणजे टॉर्पेडो मारणाऱ्या छोट्या वेगवान बोटींची, हीच तऱ्हा होती, पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट, पळायच्या मस्त पण समुद्र उठला की आतल्या खलाशांची हाडं खिळखिळी.

यावर उपाय काढला बोस्टनकडच्या रे हंट नावाच्या डिझायनरने. त्याचं डोकं साधं चाललं, म्हणाला व्ही पुढेच का, तो तसाच शेवटपर्यंत नेऊ. मागच्या टोकाला, ज्याला ट्रान्सम म्हणतात, तिथेसुद्धा २४ अंशांच्या आसपास. जुन्या लोकांना वाटलं ही बोट वरच येणार नाही, आली तर उभी राहणार नाही. १९५८ ला न्यूपोर्टला अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीची गडबड चालू असताना डिक बर्ट्रम नावाच्या बोटींच्या व्यापाऱ्याने हंटची २३ फुटी छोटी बोट खवळलेल्या पाण्यात आरामात पळताना बघितली आणि तशीच मोठी, ३१ फुटी करून घेतली, लाकडाची, नाव ठेवलं मॉपी, त्याच्या बायकोचं लाडाचं नाव. १९६० च्या मायामी ते बहामातलं नासाऊ या शर्यतीत ती उतरवली. ही शर्यत गल्फ स्ट्रीम ओलांडून जाते, आणि तो समुद्री प्रवाह जातो उत्तरेकडे, त्याच्याविरुद्ध वारा सुटला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात, त्या वर्षी तसंच झालं. मॉपी सुमारे आठ तासांत नासाऊला. दुसरी आली तीसुद्धा हंटच्याच डिझाइनची, छोटी, दोनेक तास मागे. बाकीच्यांचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागला. त्यानंतर त्या लाकडी बोटीवरून साचा काढून फायबरच्या बर्ट्रम ३१ निघाल्या आणि जगभर डीप व्हीची लाटच आली. आज पोलीस, नेव्ही, कोस्टगार्ड यांच्या बहुतेक वेगवान बोटींच्या बुडात तीच कल्पना दिसते.

मला यातली आवडलेली गोष्ट अशी की शांत पाण्यात मॉपीपेक्षा जोरात पळणाऱ्या बोटी त्या शर्यतीत असतीलच की. पण त्यांना थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, सोडावा लागला, हिला नाही. खराब समुद्रात बोट किती पळते हे इंजिन ठरवत नाही, आतली माणसं आणि फळ्या किती मार सहन करतात त्यावर ते ठरतं.

फुकट काही मिळत नाही अर्थात. व्ही तळ पाणी नुसतं खाली ढकलत नाही, बाजूलाही ढकलतो, तो बाजूचा जोर वाया. त्यामुळे तेवढ्याच वेगाला जास्त मोठं इंजिन, जास्त तेल. वर यायला वेळ लागतो. आणि उभी असताना डुलते, कडेला एक माणूस गेला की कलते, मासे पकडायला गळ टाकून बसणाऱ्यांना हे अजिबात आवडत नाही. म्हणून तळाला लांबीच्या दिशेने तीन-चार पट्ट्या काढलेल्या असतात, स्ट्रेक, त्या बाजूला पळणारं पाणी खाली वळवून थोडा उचल परत मिळवतात आणि वळताना पकडही देतात. आणि तळ जिथे संपून भिंत सुरू होते ती कड, म्हणजे चाइन, तिथे हातभर नाही पण वीतभर सपाट पट्टी ठेवतात, तिने उडणारं पाणी तुमच्या तोंडावर न येता बाहेर फेकलं जातं आणि उभी असताना जरा आधार मिळतो. पुढच्या वेळी तुम्ही बोटीत चिंब भिजलात तर चाइनला दोष द्या.

गंमत म्हणजे हाच रे हंट त्याच सुमारास, १९५८ लाच, १३ फुटी बोस्टन व्हेलरच्या तळामागेही होता, आणि ती मॉपीच्या अगदी उलट, रुंद, चौकोनी तोंडाची, तळाला तीन उंचवटे. वेग कमी ताकदीत येतो, कडेवर उभं राहिलं तरी कलत नाही, आणि फोम भरलेली असल्यामुळे बुडतच नाही, १९६१ मध्ये लाइफ मासिकात तिची करवतीने मधोमध कापतानाचे फोटो आले, कंपनीचा मालक आत बसलेला, आणि मग तो अर्ध्या बोटीतून निघून गेला. पण लाटेत आपटते, बसणारे सांगतात. म्हणजे बघा, एकच माणूस, एकाच काळात, दोन वेगळ्या पाण्यांसाठी दोन उलट्या बोटी. आपल्या कोकणातही किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या फायबरच्या होड्यांना डीप व्ही देऊन चालणारच नाही, ओहोटीला वाळूवर आडवी पडेल ती, शिवाय छोट्या ओबीएमवर, म्हणजे मागे बाहेर लावायच्या इंजिनावर, चालायला हवी. म्हणून त्या लांब, अरुंद, बुडाला बऱ्यापैकी चपट्या. लाट मोठी असली तर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, वेग सोडतो, तो त्याचा डेडराइज.

आता वेगवेड्यांकडे वळू. व्हीमुळे पाणी जास्त चिकटतं ना, तर तळालाच आडवी पायरी कापायची. वेगात पाणी पायरीच्या कडेवरून सुटतं, मागे पोकळी होते, बाजूच्या भोकांतून तिथे हवा ओढली जाते आणि बोट सगळ्या तळावर न चालता दोन-तीन छोट्या तुकड्यांवर चालते. कल्पना नवीन अजिबात नाही, १८७२ मध्ये रॅमस नावाच्या इंग्रज पाद्र्याने ब्रिटिश नौदलाला सुचवली होती, पण तेव्हाच्या वाफेच्या इंजिनांत तेवढा दम नव्हता. १९१२ ला पाच पायऱ्यांच्या मेपल लीफ ४ ने टॉम सॉपविथच्या हातात हार्म्सवर्थ ट्रॉफी ही मोटरबोटींची शर्यत जिंकली आणि ५० नॉटची पातळी ओलांडली. पायऱ्यांची बोट सरळ रेषेत तेवढ्याच इंजिनावर छान पळते, तेल वाचवते. पण वळताना सांभाळून. बोट कलली की एका बाजूचा हवेचा रस्ता पाण्याखाली जातो, मागची पकड सुटू शकते, आणि अशा वेळी घाबरून थ्रॉटल एकदम सोडला की नाक खाली रुततं, मागचा भाग पुढे येतो आणि माणसं बाहेर. शिकलेल्या हाताची बोट आहे ती, भाड्याने घेऊन मिरवायची नाही.

कॅटामरान तर आपल्याला नवीन नाही, मांडव्याला जाणाऱ्यांनी तिच्या डेकवर चहा प्यायलाय. दोन लांब आणि अरुंद हल, म्हणजे बोटीची दोन धडं, वर पूल. अरुंद हल लाटच छोटी उठवतो, त्यामुळे तो मघाचा खड्डा-टेकडीचा प्रकार तिला फारसा आडवा येत नाही, प्लेनिंग न करताही ती चांगला वेग पकडते. रुंद असल्यामुळे डोलत नाही, जागा भरपूर. मध्यम लाटेत अशी सुखाची बोट दुसरी नाही. पण लाट एका मर्यादेपलीकडे उंच झाली की ती दोन हलच्या मधून जाताना वरच्या पुलाला खालून थाप मारते, धाडकन, आणि ती थाप सपाट तळावर बसते, पुन्हा पोटावर पडणं. बाजूने लाट आली तर हळू डोलण्याऐवजी पटकन झटका देते, काहींना तो जास्त लागतो. पावसाळ्यात त्या मार्गावरच्या कॅटामरान बंद असतात आणि २०२० पासून आलेली मोठी रो-रो, म्हणजे गाड्याही घेऊन जाणारी फेरीबोट, मात्र पावसाळ्यातही बऱ्याच दिवशी चालते, त्यात आकार, वजन, लांबी या सगळ्याचा हात आहे.

शर्यतीच्या कॅटामरानमध्ये तो मधला बोगदा मुद्दाम हवा कोंडायला वापरतात, हवाच बोट उचलते. इथून पुढे ती बोट कमी आणि विमान जास्त. नाक जरा जास्त वर गेलं की खालची हवा तिला उलटी पाडते. तीन टेकूंवर चालणाऱ्या ब्लूबर्ड के७ चं ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडच्या कॉनिस्टन तलावात असंच झालं, ताशी ३०० मैलांच्या वर असताना ती उचलली गेली आणि ती चालवणारा डोनाल्ड कॅम्पबेल गेला. पाण्यावरच्या वेगाचा विक्रम आजही केन वॉर्बीच्या नावावर आहे, १९७८, ऑस्ट्रेलियातलं ब्लोअरिंग धरण, ताशी ५११ किलोमीटर, आणि बोट त्याने घराच्या मागच्या अंगणात बांधली होती. धरणाचं पाणी होतं तेही, आरशासारखं. एवढ्या वेगाला वीतभर लाटसुद्धा चालत नाही.

पोलिसांच्या, लाइफबोटींच्या त्या रबरी कडेच्या बोटी बघता ना, रिब म्हणतात, त्या म्हणजे खाली डीप व्ही आणि कडेला हवा भरलेली नळी. व्हीचा डुलण्याचा दोष नळी झाकते, कलली की नळी पाण्यात टेकते आणि परत सरळ करते. वेल्सच्या अटलांटिक कॉलेजमध्ये १९६० च्या दशकात निवृत्त ॲडमिरल डेस्मंड होर आणि त्याच्या पोरांनी खटपट करून हा प्रकार काढला. मोठ्या बोटींत डच लोकांनी आणखी वेगळं केलं, नाक सरळ उभं, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं आणि खाली खोल गेलेलं, म्हणजे ते पाण्याबाहेर येतच नाही, आणि जे बाहेर येत नाही ते आपटणार कुठून.

चालवणाऱ्याच्या हातातही बरंच असतं. समोरून लाट असेल तर ट्रिमने, म्हणजे इंजिनाचा कल बदलून, नाक खाली घ्यायचं, म्हणजे तो पुढचा टोकदार भाग, जो एरवी हवेत शोभेला असतो, कामाला लागतो. मागून लाट असेल तर उलट, नाक वर, नाहीतर लाटेवरून उतरताना नाक रुततं आणि बोट आडवी फिरते. त्या दिवशी आमच्या माणसाने समोरच्या लाटेत नाक वर ठेवलं होतं, घाईत होता. आणि मी बसलो होतो पुढे, जिथे बोट सगळ्यात जास्त वर-खाली होते. अशा धक्क्यांनी पुढच्या सीटवरच्या लोकांचे कंबरेतले मणके खरोखर चेपलेले आहेत, मस्करी नाही. मागे बसा, शक्यतो इंजिनाच्या जवळ, आणि उठाल तेव्हा गुडघे वाकवून.

आता सवयच लागलीय. परवा बीचवर वॉटर स्पोर्ट्सवाल्यांची एक बोट ट्रॉलीवर चढवून ठेवलेली दिसली, फोनमध्ये कोन मोजायचं ॲप असतंच, कण्याजवळ तळाला खालून टेकवलं तर १४ अंश. समोर १९ अंशांची एक पडली होती, जुनी, रंग उडालेली, इंजिनही लहान. तिथला पोरगा बराच वेळ माझ्याकडे बघत होता, शेवटी न राहवून म्हणाला, "काका, पाना देऊ का?" मी म्हटलं नको, एवढंच सांग, दुपारनंतर सोडता तेव्हा कुठली घेता? त्याने जुनीकडे बोट दाखवलं.